कामाला माणूस घेताना: घडलेल्या प्रसंगांवरून मुलाखत कशी घ्यावी

बेळगावच्या उद्यमबागेतलं मशीनशॉप असो, शहापुरातलं साड्यांचं दुकान असो की निपाणीतलं गोदाम, माणूस घेताना बोलणं साधारण ठरलेलंच असतं. गाव कुठलं, शिकलास किती, आधी कुठं होतास, पगार किती पाहिजे, कधीपासून येतोस. दहा मिनिटांत विषय संपतो. पोरगा चटपटीत बोलला आणि ओळखीच्या कुणी शब्द टाकलेला असला की नेमणूक झालीच म्हणायची. पुढं महिन्या-दोन महिन्यांत कळतं की मशीन त्याला चालवता येतं, पण माल बिघडायला लागला तर तो कुणाला सांगत नाही. ही गोष्ट मुलाखतीत कळू शकली असती. तसा प्रश्न विचारला गेला नाही, एवढंच.

प्रसंगाधारित मुलाखतीचा गाभा साधा आहे. माणूस पुढं काय करेल याचा अंदाज बांधायचा, तर त्यानं तशाच परिस्थितीत मागं काय केलं ते विचारायचं. ‘अडचण आली तर काय कराल?’ याला कुणीही चांगलं उत्तर देतो. ‘मागच्या कामावर अडचण आली तेव्हा काय केलंत?’ याचं उत्तर द्यायला ते काम केलेलं असावं लागतं.

याची मुळं अमेरिकेत सापडतात. दुसऱ्या महायुद्धात हवाई दलासाठी वैमानिक निवडताना जॉन फ्लॅनगन या मानसशास्त्रज्ञानं यशाचे आणि चुकांचे प्रत्यक्ष प्रसंग गोळा करण्याची पद्धत वापरली आणि 1954 साली ती सविस्तर मांडली. मुलाखतीसाठी तिचा पद्धतशीर वापर टॉम जान्झ यांनी 1982 मध्ये दाखवला. पुढं 1998 मध्ये श्मिट आणि हंटर यांनी निवडीच्या पद्धतींवरचं अनेक दशकांचं संशोधन एकत्र केलं. मुलाखतीतले गुण आणि प्रत्यक्ष कामाचा दर्जा यांचा मेळ 0 ते 1 या मापावर पाहिला, तर आखीव मुलाखतीचा आकडा 0.51 आणि मोकळ्या गप्पांचा 0.38 आला. 2022 मध्ये सॅकेट आणि सहकाऱ्यांनी हिशेब दुरुस्त करून पुन्हा केला. आकडे उतरले, आखीव मुलाखत 0.42 वर आणि मोकळी 0.19 वर आली. पण तपासलेल्या पद्धतींत आखीव मुलाखत पहिल्या नंबरावर गेली. आखीव म्हणजे सगळ्यांना तेच प्रश्न, त्याच क्रमानं, आणि गुण देण्याचं माप आधी ठरलेलं. या तीन गोष्टी सांभाळल्या नाहीत तर नुसते प्रसंग विचारून फारसा फरक पडणार नाही.

आधी शॉपफ्लोअरवर जा, मग प्रश्न लिहा

सगळ्यात जास्त वेळ इथं द्या. इंटरनेटवरून ‘मुलाखतीचे पन्नास प्रश्न’ उतरवून घेण्यात अर्थ नाही, कारण ते तुमच्या कामातून आलेले नसतात. ज्या जागेसाठी माणूस हवा, त्या जागेशी रोज संबंध येणाऱ्या तीन-चार जणांना वेगवेगळं गाठा: शिफ्टचा सुपरवायझर, क्वालिटीचा माणूस, स्टोअरवाला आणि त्याच मशीनवरचा जुना ऑपरेटर. प्रत्येकाला दोनच गोष्टी विचारा. या कामावर कुणी असं काही केलं का, की तुम्हाला वाटलं, माणूस असावा तर असा? आणि कुणामुळं काम अडलं किंवा नुकसान झालं, ते नेमकं कसं झालं?

‘तो प्रामाणिक होता’, ‘तो आळशी होता’ अशा उत्तरांवर थांबू नका. काय केलं ते विचारा. सीएनसी टर्निंगच्या, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या लेथच्या, ऑपरेटरबद्दल विचारलं की बहुधा अशी जोडी हाती येते. एकजण शाफ्टचा लॉट काढताना दर काही जॉबनंतर (जॉब म्हणजे मशीनवर तयार होणारा एकेक नग) मायक्रोमीटर हे बारीक मोजमापाचं साधन लावत होता. साइज हळूहळू वर सरकतोय हे बघून त्यानं मशीन थांबवलं, इन्सर्टची, म्हणजे कापणाऱ्या पात्याची, धार पाहिली, आणि आधीच्या तपासणीनंतर निघालेले सगळे जॉब वेगळ्या क्रेटमध्ये ठेवले. दुसऱ्यानं पहिला जॉब पास करून घेतला आणि शिफ्ट संपेपर्यंत सायकल स्टार्टचं बटण दाबत राहिला. इन्सर्ट झिजत गेला की बाहेरचा व्यास वाढतो हे दोघांनाही माहीत होतं. फरक ज्ञानाचा नव्हता, सवयीचा होता. तीच सवय तुम्हाला मुलाखतीत शोधायची आहे.

फाउंड्रीत, म्हणजे ओतकामाच्या कारखान्यात, असे प्रसंग ब्लोहोल (ओतलेल्या धातूत राहिलेली हवेची भोकं), साच्याच्या वाळूचा ओलावा आणि रिजेक्शनचे ढीग यांच्याभोवती सापडतील. अकाउंटंटच्या जागेसाठी ते महिन्याच्या तारखांभोवती असतात. दर महिन्याला जीएसटीआर-1, म्हणजे विक्रीचं जीएसटी विवरण, भरणाऱ्या फर्मला 11 तारीख गाठायची असते आणि एखाद्या पार्टीच्या बिलावरचा नंबर जुळत नसतो, तेव्हा माणूस काय करतो? गणपत गल्लीतल्या कापडदुकानात एकाच तासात मराठी, कन्नड, कोंकणी आणि हिंदी बोलणारी गिऱ्हाइकं येतात. तिथं प्रसंग वेगळे.

गोळा केलेल्या प्रसंगांतून चार, फार तर पाच गुण, म्हणजे त्या कामाला लागणाऱ्या सवयी, काढा. त्याहून जास्त गुण एका मुलाखतीत तपासून होत नाहीत, घाई होते. ऑपरेटरसाठी: मोजमापाची शिस्त, चूक वेळेवर सांगणं, शिफ्ट सोडताना पुढच्याला नीट माहिती देणं, आणि नवीन ड्रॉइंग आलं की समजून घेण्याची धडपड. ‘नेतृत्व’, ‘व्यक्तिमत्त्व’ असे शब्द ऑपरेटरच्या जागेसाठी यादीत आले असतील तर खुशाल खोडा.

प्रश्न कसा बांधायचा

चांगल्या प्रश्नात तीन गोष्टी असतात: एकच प्रसंग मागितलेला असतो, तो त्या कामाच्या जगातला असतो, आणि त्यात ‘बरोबर उत्तर’ लपलेलं नसतं. ‘तुम्ही चूक झाली तर लगेच सांगता ना?’ हा प्रश्न नव्हेच. त्यात उत्तर आधीच देऊन टाकलंय. त्याऐवजी असं विचारा: ‘तुमच्या हातून माल बिघडला, किंवा बिघडतोय असं लक्षात आलं, असा अलीकडचा एखादा दिवस आठवा. त्या दिवशी काय काय झालं, सुरुवातीपासून सांगा.’

अकाउंटंटला: ‘एखाद्या पार्टीची उधारी बरेच दिवस थकली होती आणि ती वसूल करायचं काम तुमच्याकडं आलं, अशी एक पार्टी आठवा. नाव सांगू नका. तुम्ही काय केलंत?’

दुकानातल्या मुलीला: ‘गिऱ्हाइकाची भाषा तुम्हाला नीट येत नव्हती, तरी त्याला माल दाखवायचा होता, असं कधी झालं? ते सांगा.’

सुपरवायझरला: ‘तुमच्यापेक्षा वयानं मोठ्या कामगाराला त्याची चूक दाखवून द्यावी लागली, असा एक प्रसंग.’ आपल्याकडं हा प्रश्न फार बोलका ठरतो. तिशीतल्या डिप्लोमावाल्यानं पन्नाशीच्या मोल्डरला (साचे करणाऱ्या कामगाराला), ज्याला सगळे मामा म्हणतात, चारचौघांत सांगितलं की चहाच्या वेळी बाजूला घेऊन सांगितलं, आणि नंतर मामांनी काम बदललं का, यावरून तो शॉप कसा सांभाळेल ते बरंच कळतं.

प्रत्येक गुणासाठी एक मुख्य प्रश्न आणि एक राखीव प्रश्न लिहून ठेवा. उमेदवाराला प्रसंग आठवलाच नाही तर राखीव कामाला येतो.

‘नाव सांगू नका’ हे शब्द मुद्दाम घातलेत. उद्यमबाग, मच्छे, होनगा इथलं जग लहान आहे. कोण कुणाचा जॉब करतो, कुणाची ऑर्डर तुटली, हे दोन शेड पलीकडं कळतं. उमेदवाराला आधीच्या मालकाचं किंवा गिऱ्हाइकाचं नाव घ्यायला लावणं अयोग्य आहे. शिवाय जो तुमच्यासमोर आधीच्या मालकाच्या ड्रॉइंगबद्दल सगळं ओतून टाकतो, तो उद्या तुमचंही तसंच करेल, हे लिहून ठेवा.

भाषा आणि बसणं

इथले बरेच उमेदवार घरी मराठी, शाळेत मराठी किंवा कन्नड, आयटीआयला मिसळ, आणि कामावर हिंदी अशा चार घाटांचं पाणी प्यायलेले असतात. मुलाखत इंग्रजीत ठेवली की तुम्ही कामाची सवय मोजत नसून इंग्रजी मोजत असता. उमेदवाराला सुरुवातीलाच विचारा, कुठल्या भाषेत बोलायला मोकळं वाटेल. प्रश्नांचा कागद मराठी आणि कन्नड दोन्हीत तयार ठेवा आणि तुमचं कन्नड कच्चं असेल तर ते चांगलं येणारा सहकारी शेजारी बसवा. कागदावर आहे तेच वाक्य त्यानं विचारायचं, स्वतःची भर घालायची नाही. कामाला एखादी भाषा खरोखर लागत असेल, समजा काउंटरवर कन्नड किंवा परदेशी गिऱ्हाइकाला इंग्रजी मेल, तर तिची वेगळी परीक्षा घ्या आणि वेगळे गुण द्या.

टेबलापलीकडं चार साहेब आणि अलीकडं एकटा पोरगा, असं बसवलं की तो ‘होय सर, नाही सर’च्या पुढं जात नाही. दोघंजण पुरे. एक विचारेल, एक लिहील. पाणी द्या, पद्धत सांगा: ‘मी तुम्हाला कामावर घडलेल्या गोष्टी विचारणार आहे. आठवायला वेळ लागला तरी चालेल. मी मधून मधून लिहून घेईन, ते सगळ्यांचंच घेतो.’ चाळीस-पंचेचाळीस मिनिटं धरा आणि तेवढा वेळ मोबाइल बाजूला ठेवा.

खोदून विचारणं: इथंच मुलाखत जिंकली किंवा हरली जाते

पहिलं उत्तर जवळजवळ नेहमीच गुळगुळीत येतं. त्याच्या पोटात शिरायला चार खुणा लक्षात ठेवा: प्रसंग काय होता, त्यात तुमची जबाबदारी काय होती, तुम्ही काय केलंत, आणि शेवटी काय झालं. इंग्रजीतल्या आद्याक्षरांवरून याला ‘स्टार’ म्हणतात. उमेदवाराला ते नाव सांगायची गरज नाही. तुमच्या मनात चार रिकामे रकाने असले की पुरे. जो रकाना भरला नाही, त्याबद्दल विचारायचं.

एक नमुना देतो. मी रचलेलाच आहे, पण बोलण्याचा ढंग इथलाच.

‘माल बिघडतोय असं लक्षात आलं, असा एक दिवस सांगा.’

‘तसं काय व्हत नाही सर. आम्ही काळजी घेतोय की.’

‘काळजी घेताच. तरी कधी साइज सरकला असेल.’

‘एकदा झालतं. बेअरिंगच्या साइजला वर जात होता. मग आम्ही ते बघून दुरुस्त केलो.’

‘त्यातलं तुम्ही स्वतः काय केलंत?’

‘मी मशीन थांबवलो. इन्सर्ट बदललो, ऑफसेट घातलो.’

‘साइज वर जातोय हे कसं कळलं?’

‘पाच-पाच जॉबला मी लावून बघतोय मायक्रोमीटर. सुपरवायझर दहाला एक बघा म्हणतोय, पण त्या मटेरियलला इन्सर्ट लवकर जातोय.’

‘मग आधी निघालेले जॉब?’

‘चार होते मधले. ते बाजूला ठेवलो, खडूनं खूण केलो. दोन पास झाले, दोन रिवर्कला गेले.’

‘सुपरवायझरला कधी सांगितलंत?’

‘तवाच की. नंतर कळलं तर जास्त बोलत्यात.’

बघा, पहिल्या दोन उत्तरांवर थांबलो असतो तर कागदावर ‘ठीक’ एवढंच उतरलं असतं. आपल्याकडं स्वतःचं सांगताना माणसं ‘आम्ही’ म्हणतात, त्यात विनय असतो. म्हणून ‘त्यातलं तुमच्या हातून काय झालं’ हा प्रश्न जवळजवळ प्रत्येकाला विचारावा लागतो. आणि ‘पाच-पाच जॉबला’, ‘मधले चार’, ‘खडूनं खूण’ असे तपशील ऐनवेळी रचणं अवघड असतं. रचलेली गोष्ट तिसऱ्या प्रश्नाला पातळ होते, घडलेली गोष्ट घट्ट होत जाते.

विचारताना उलटतपासणीचा सूर नको. ‘म्हणजे कसं?’, ‘मग पुढं?’, ‘त्या वेळी शेजारी कोण होतं?’ हे पुरेसं आहे. उमेदवार गप्प झाला तर तुम्हीही गप्प राहा. दहा सेकंदांची शांतता मुलाखत घेणाऱ्यालाच जड जाते आणि तो स्वतःच उत्तर सुचवून बसतो. ते टाळा. ‘मी नेहमी असंच करतो’ असं सर्वसाधारण बोलणं सुरू झालं की मायेनं परत आणा: ‘नेहमीचं राहू द्या, शेवटचं कधी केलंत तेवढं सांगा.’

प्रत्येक गुणासाठी फक्त कौतुकाचे प्रसंग घेऊ नका. एक तरी असा घ्या ज्यात काम फसलं. फसलेल्या कामाबद्दल माणूस कसा बोलतो, सगळा दोष शिफ्टवर, मेंटेनन्सवर, मालकावर ढकलतो का, आणि नंतर स्वतःच्या कामात काय बदललं, हे त्यात उघड होतं.

अनुभव नसलेल्यांना काय विचारायचं

आयटीआयतून नुकताच बाहेर पडलेला मुलगा, लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी कामाला निघालेली बाई, शेतातून थेट आलेला तरुण, यांच्याकडं ‘मागची नोकरी’ नसते. पण प्रसंग असतात. खानापूर तालुक्यातल्या मुलानं भाताच्या मळणीच्या दिवसांत यंत्र बंद पडल्यावर काय केलं? रात्रपाळीच्या विजेवर उसाला पाणी पाजताना मोटार उडाली तेव्हा? गणेशोत्सवात मंडळाच्या वर्गणीचा हिशेब कुणी सांभाळला, आणि पैसे कमी भरले तेव्हा काय झालं? बचतगटाच्या वहीत तफावत निघाली तर त्या बाईंनी काय केलं? जबाबदारी, हिशेब, चूक सांगणं हे सगळं इथं सापडतं. गुण देताना ‘हे काय, घरचंच काम’ म्हणून कमी लेखू नका.

अगदीच प्रसंग मिळाला नाही तर काल्पनिक परिस्थिती द्या. लॅथम आणि सहकाऱ्यांनी 1980 मध्ये मांडलेली परिस्थितीजन्य मुलाखत हीच. मात्र परिस्थितीत खरी ओढाताण हवी: ‘शिफ्ट सुटायला दहा मिनिटं, बस गाठायची आहे, पुढचा ऑपरेटर आलेला नाही, आणि शेवटच्या जॉबचा साइज शंकास्पद वाटतोय. काय कराल?’ बस ठरलेल्या वेळेची आहे हे इथल्या माणसाला समजावून सांगावं लागत नाही, म्हणूनच हा प्रश्न चालतो.

बेळगावात मराठा लाइट इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर आहे, त्यामुळं सुरक्षा, स्टोअर, डिस्पॅच अशा जागांसाठी माजी सैनिक येतात. त्यांचं बोलणं बहुधा ‘हुकूम होता, तामील केली’ असं आटोपशीर असतं. त्यांना हुकूम नव्हता तेव्हाचा प्रसंग विचारा: सामान कमी भरलं आणि वरिष्ठ जागेवर नव्हते, तेव्हा स्वतःच्या बुद्धीनं काय ठरवलं?

ओळखीतून आलेला उमेदवार

मेव्हण्याच्या गावचा, मंडळाच्या अध्यक्षांनी पाठवलेला, जुन्या कामगाराचा पुतण्या. अशी माणसं येणार आणि त्यात वाईट काही नाही. ओळखीतून आलेला टिकतोही. पण त्याला तोच कागद, तेच प्रश्न, तेच गुण. शिफारस करणाऱ्याला आधीच सांगून ठेवा: ‘पाव्हणं, पोराला जरूर पाठवा. मुलाखत मात्र सगळ्यांची एकच असते आणि ती कागदावर असते.’ नंतर नाही म्हणायची वेळ आली तर हा कागदच तुमची बाजू सांभाळतो. संबंध बिघडत नाहीत.

काय विचारायचं नाही

‘कुणापैकी?’ हा प्रश्न आपल्या तोंडात इतका बसलाय की तो जात विचारतो हे लक्षातही येत नाही. आडनाव, जात, भाषेच्या वादात कुठल्या बाजूचे, लग्न कधी करणार, मूल लहान आहे तर जमेल का, हे सगळं वगळा. भरतीत स्त्री-पुरुष भेद करायला वेतन संहिता, 2019 मनाई करते, फक्त कायद्यानंच एखाद्या कामावर स्त्रियांना बंदी असेल तो अपवाद. रात्रपाळी करावी लागणार असेल तर कामाची वेळ सांगा आणि सगळ्यांनाच विचारा, जमेल का. फक्त बायकांना विचारलंत तर तो भेदच.

लिहिणं आणि गुण देणं

मुलाखत चालू असताना उमेदवार काय बोलला ते लिहा, तुम्हाला काय वाटलं ते नको. ‘हुशार वाटतो’ हे टिपण निरुपयोगी आहे. ‘पाच जॉबला एकदा मोजतो, चार बाजूला ठेवले, लगेच सांगितलं’ हे टिपण महिन्यानंतरही बोलतं.

गुण 1 ते 5. माप आधी ठरवा आणि शॉपफ्लोअरवर गोळा केलेले प्रसंगच त्यासाठी वापरा. मोजमापाच्या शिस्तीसाठी: 1 म्हणजे पहिला जॉब पास झाल्यावर पुन्हा मोजल्याचं काहीच सांगता आलं नाही. 3 म्हणजे सांगितल्याप्रमाणं मोजतो, फरक दिसला की थांबवतो. 5 म्हणजे स्वतःहून तपासणी वाढवली, मधला माल वेगळा केला, आणि कारण शोधलं. वरच्या नमुन्यातला उमेदवार 5 च्या जवळ जातो, त्याची भाषा कशीही असो.

दोघांनी गुण स्वतंत्रपणे लिहायचे, उमेदवार बाहेर गेल्याबरोबर, आणि मगच एकमेकांना दाखवायचे. मालकानं आधी तोंड उघडलं की सुपरवायझर मान डोलावतो, म्हणून मालकानं शेवटी बोलावं. दोन गुणांहून जास्त फरक पडला तर टिपणं वाचून दाखवा, आवाज चढवू नका. सगळे उमेदवार संपेपर्यंत एकमेकांशी तुलना करायची नाही. माप कागदावर आहे, आधीच्या माणसावर नाही.

मुलाखत हाताचं कसब मोजत नाही. ऑपरेटरला ड्रॉइंग आणि मायक्रोमीटर द्या, अकाउंटंटला टॅलीत दहा नोंदी करू द्या, वेल्डरला एक जोड मारू द्या. ही परीक्षा छोटी असावी. ‘बघू जमतंय का’ म्हणून दिवसभर काम करून घ्यायचं असेल तर त्या दिवसाची मजुरी द्या.

आधीच्या मालकाकडं चौकशी करायची तर उमेदवाराला विचारून, आणि त्यानं तिथला राजीनामा दिल्यावरच. तुमच्या एका फोननं त्याची चालू नोकरी जाऊ शकते. चौकशीतही प्रसंगच विचारा: ‘माल बिघडला तेव्हा हा सांगायचा का? एखादी वेळ आठवते?’

ज्यांना घेतलं नाही त्यांना आठवड्यात फोन किंवा मेसेज करा. चंदगड, हुक्केरी, संकेश्वरहून भाडं खर्च करून आलेला माणूस पंधरा दिवस वाट बघत राहतो आणि दुसरीकडचं कामही घालवतो.

मुलाखतीचे कागद फाइलमध्ये ठेवा. घेतलेल्या माणसाला सहा महिने झाले की सुपरवायझरला मुलाखतीतले आकडे न दाखवता त्याच चार सवयींवर 1 ते 5 आकडे द्यायला सांगा, आणि मग जुना कागद शेजारी ठेवा. ज्या प्रश्नावर सगळ्यांनाच 4 मिळाले होते तो काही निवडत नाही, तो काढून टाका. ज्या प्रश्नाचे गुण कामाशी जुळले तो पुढच्या भरतीला सगळ्यात आधी विचारा, आणि काढलेल्याच्या जागी नवा प्रश्न लिहायला पुन्हा शॉपफ्लोअरवर जा.